२८ दिवसांचा फंडा

ओहायोतल्या आमच्या दादानं घरामागं गॅरेज बांधलं. पोल बार्न स्टाइल! पायाबिया भानगड नाही. औषध मारलेले लाकडी खांब थेट जमिनीत, हिवाळ्यात माती गोठते त्या थराच्याही खाली रोवायचे. वर कैच्या, पत्रा. खालचा कोबा सगळ्यात शेवटी. आधी खडी दाबून बसवायची, त्यावर प्लास्टिक, मग ४ इंच काँक्रीट. भेगा तर पडणारच. त्या कुठं पडाव्यात, हे आपणच कटरनं चिरा मारून ठरवायचं. सही ना?

पण आई-बाबा येणार, म्हणून साहेबांना शोरूमसारखी चकाचक हवी होती. काँक्रीटला २८ दिवस द्यायचे, तर यांनी दहाव्या दिवशीच इपॉक्सी मारली. आतला ओलावा वर आला आणि गरम टायरखाली पापुद्रे सुटले.

बाबांनी एक पापुद्रा उचलला. "आपल्या स्लॅबवर पाणी मारायला मी रोज ऑफिसच्या आधी जायचो. आठवतं?"

दादा गप्प. मग बापलेकांनी मिळून सगळं खरवडलं. रात्रभर चिकटवलेल्या प्लास्टिकखाली थेंब दिसेना, तेव्हाच नवा हात मारला.

प्रोबेशनमध्येच प्रमोशन मागणाऱ्यांनो, ऐकताय ना?