चाळीस वर्षांची नोंद

आज २८ एप्रिल, कामावर जीव गमावलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. तीन दिवसांनी कामगार दिन येईल. ठाण्यातल्या खोपटहून जुन्या आग्रा रोडने मुंबईकडे निघालो की भोंगे बंद पडलेल्या आणि टॉवर उभे राहिलेल्या जागा एकामागून एक लागतात. याच रस्त्यावर मुलुंडला एव्हरेस्टच्या कारखान्यात सिमेंटचे पत्रे होत, तर पुढे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोत ब्रेक लायनिंग. दोन्हीकडे कच्चा माल होता अ‍ॅस्बेस्टॉस. कारखान्याची जमीन विकता येते. कामगाराच्या छातीत गेलेली धूळ मात्र तिथेच राहते.

या धुळीचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. एकदा फुप्फुसात रुतले की शरीराला ते सहसा बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुस हळूहळू कडक होते, जिना चढताना धाप लागते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, तर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उद्भवतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि दम्याची किंवा क्षयाची औषधे घेत दिवस काढतो. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे रोज झटकून धुणारी बायकोही यातून सुटत नाही, आणि तिचे नाव तर कुठल्याच हजेरीपटावर नसते.

इंग्लंडात रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्समध्ये काम करणारी नेली केरशॉ १९२४ साली याच धुळीने गेली. मालकांनी जबाबदारी झटकली, भरपाई दिली नाही. टर्नर ब्रदर्समधूनच मोठा झालेला टर्नर अँड न्यूअल हा उद्योगसमूह पुढे हिंदुस्थान फेरोडोचा पालक होता. म्हणजे धूळ काय करते, हे घाटकोपरचा कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी मालकांना ठाऊक होते. आम्हाला सर्वांत जास्त सलते ते हे.

आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरला. आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. त्याहून मोलाचा आदेश नोंदींचा होता. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायची. न्यायालयाने या आजाराची चाल ओळखली होती. अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीची मागणी मात्र २०११ साली न्यायालयाने मान्य केली नाही, आणि साठाहून अधिक देशांनी हद्दपार केलेला हा माल आपण आजही आयात करतो.

दावा लढायचा तर कागद लागतो. कारखाना बंद पडला, कंपनीचे नाव बदलले, कचेरी हलली, मग ती नोंद मागायची कुणाकडे? बंद कारखान्याच्या जागेवर बांधकाम करताना कामगारांची देणी चुकती झाली का, हे पाहण्यासाठी कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला मागण्याची पद्धत आहे. त्याच दाखल्यासाठी आरोग्य-नोंदी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जमा करण्याची अट घालावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्याविना नकाशा मंजूर करू नये. पगार हे देणे असेल, तर छातीचा एक्स-रे हेही देणेच आहे.

तोवर जुन्या कामगारांनी पीएफची पावती, ईएसआयचे कार्ड, बिल्ला जे काही पेटीत उरले असेल ते जपून ठेवावे. आणि खोकत आलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी बिडी ओढता का, एवढेच विचारून थांबू नये. तरुणपणी कोणत्या कंपनीत होता, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे विचारून केसपेपरवर लिहावे.