मॉक ड्रिल मंगळवारी अकरा वाजता

आमच्या कॅज्युअल्टीत मॉक ड्रिल कधी आहे, हे आठवडाभर आधी कळतं. मेट्रन फेरी मारतात. क्रॅश ट्रॉली पुसली जाते, मुदत संपलेली इंजेक्शनं गायब होतात, कॉरिडॉरमधली मोडकी स्ट्रेचरं जिन्याखाली जातात. ठरल्या वेळी धडधाकट वॉर्डबॉय डोळे मिटून पडतो, आम्ही धावतो, फोटो निघतात. अहवाल : सर्व यंत्रणा सज्ज. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरं परत कॉरिडॉरमध्ये.

ज्या ड्रिलमध्ये एकही चूक सापडत नाही, ते ड्रिल नापास. माझं म्हणणं एवढंच आहे.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलनं हे उलटं करून पाहिलं. न कळवता, चालू इमर्जन्सी विभागातच, तिथल्याच ड्युटीवरच्या लोकांसोबत. दहा मिनिटं सराव, दहा मिनिटं चर्चा. वर्षभरात 90 सराव झाले आणि 73 छुपे धोके सापडले. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. नावाजलेल्या हॉस्पिटलात ही गत, आणि आपल्याकडे दर वेळी ‘सर्व सज्ज’?

आम्ही तिघा रेसिडेंट्सनी एकदा सीपीआर शिकवायचा पुतळा रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत आणला. सिस्टर क्षणात उठल्या, कॉम्प्रेशन्स अचूक. सिलिंडर भरलेला होता, पण तो उघडायची चावी स्टोअरमध्ये. स्टोअरची किल्ली मामांकडे, आणि मामा चहाला. सव्वाचार मिनिटं गेली. ऑक्सिजन मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. कामचुकार कुणीच नव्हतं. चावी चुकीच्या जागी होती, बस.

सकाळी वरून पहिला प्रश्न आला : “परवानगी कुणी दिली?” दुसरा : “सिस्टर कोण होत्या?” चावीबद्दल कुणी विचारलं नाही.

खरा रोग हा आहे. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. पुढे दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला. दोष कुणाचा, हे कोर्ट ठरवील. पण रात्री दोनला धुरानं भरलेल्या खोलीतून इतकी बाळं किती हातांनी, कोणत्या दारानं बाहेर काढायची, हे आज राज्यातल्या किती रुग्णालयांत खरोखर करून पाहिलं जातं? नाव सापडलं की आपण शोध थांबवतो. मग चूक दिसली तरी कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, खरे पेशंट ताटकळत असताना पुतळ्याशी कसले खेळता? प्रश्न रास्त आहे. गर्दी असेल तर सराव रद्द करावा. सरावाची नकली औषधं खऱ्या ट्रॉलीत मिसळू नयेत, ही काळजीही हवीच. पण वीस मिनिटं मिळतच नाहीत म्हणणाऱ्यांनी फोटोंसाठी गेलेली अख्खी सकाळ आठवावी.

आमची चावी आता सिलिंडरलाच बांधलेली आहे. गॉजच्या पट्टीनं, त्याच सिस्टरनी बांधली. पुढचं मॉक ड्रिल येत्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. सगळ्यांना कळवलंय.