साबण तयार, वेबसाइट तयार; परवान्याचे काय?

बचत गटांच्या बैठकांत अलीकडे एक विषय हमखास निघतो, 'आपलीही वेबसाइट काढू या.' पापड, लोणची, शेवया चालूच आहेत. पण त्यांच्या जोडीला आता हळदीचा, कडुनिंबाचा, कोरफडीचा, शेळीच्या दुधाचा साबण आला आहे. दिवाळीचे उटणे, शिकेकाई-रिठ्याची पूड तर पूर्वीपासून होतीच. माल घरचा, हात घरचे, मग विकायला तालुक्याच्या दुकानदाराच्या पाया कशाला पडायचे? मोबाइलवरून पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक थेट गाठू, असा हिशेब आहे.

हिशेबात गैर काही नाही. उलट अशी उमेद गावोगाव दिसायला हवी. पण सध्या जे चालले आहे ते आधी कळस, मग पाया असे आहे. वेबसाइट आधी होते, आणि तो साबण विकायला कायद्याने परवाना लागतो हे नंतर कळते. कधी तर तक्रार झाल्यावरच कळते. म्हणून या धंद्याची चारही अंगे एकदा नीट पाहिली पाहिजेत.

साबण हा 'कॉस्मेटिक'च

लोणच्याचा कायदा वेगळा आणि साबणाचा वेगळा, ही पहिली गोष्ट. खाण्याच्या वस्तू अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. तिथे लहान उत्पादकाला परवान्याऐवजी नाममात्र शुल्कात साधी नोंदणी करून भागते. त्यामुळे लोणचे करणाऱ्या गटाला वाटते की साबणाचेही तसेच असेल. तसे नाही.

अंगाला लावायचा साबण, शाम्पू, तेल, लेप हे सारे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते. या कायद्यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आता याचे नियम म्हणजे २०२० चे कॉस्मेटिक्स नियम. विक्रीसाठी साबण करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा. अर्ज 'सीओएस-५' नमुन्यात करायचा, परवाना 'सीओएस-८' नमुन्यात मिळतो. जागा स्वच्छ आणि राहत्या घरापासून वेगळी हवी, माल तपासण्याची सोय हवी, आणि काम जाणकार माणसाच्या देखरेखीखाली चालायला हवे. हा जाणकार म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेला किंवा रसायनशास्त्र घेऊन शिकलेला माणूस.

काही भगिनी म्हणतात, 'आम्ही कुठे साबण बनवतो? बाजारातून तयार सोप बेस आणतो, वितळवतो, हळद घालतो नि साच्यात ओततो.' कायद्याच्या लेखी हेही उत्पादनच. नुसते पॅकिंग आणि लेबल लावणेसुद्धा त्या व्याख्येत येते.

दुसरी चूक जाहिरातीत होते. 'या साबणाने नायटा जातो, खरूज बरी होते' असे छापले की तो साबण राहत नाही, औषध होतो, आणि औषधाचा परवाना वेगळा. 'आयुर्वेदिक औषधी' म्हणायचे तर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना लागतो. 'अंग स्वच्छ करतो, सुवास देतो' एवढेच लिहिले तर कोणाची हरकत नाही. गावच्या जत्रेत तोंडी केलेली फुशारकी वाऱ्यावर जाते. वेबसाइटवर लिहिलेली फुशारकी मात्र पुरावा म्हणून राहते. वेबसाइटने धंद्यात पडलेला हा मोठा फरक आहे. पूर्वी दहा घरांत खपणारा माल कोणाच्या डोळ्यावर येत नव्हता, आता तो अधिकाऱ्यालाही आपल्या टेबलावर बसून दिसतो. विनापरवाना माल जप्त होऊ शकतो आणि खटलाही होऊ शकतो. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा तर परवान्याचा क्रमांक आधीच मागतात.

कॉस्टिकशी खेळ नको

हा परवाना म्हणजे निव्वळ कागदी जाच आहे, असे मात्र कोणी समजू नये. तेलापासून साबण करायचा तर कॉस्टिक सोडा लागतोच. तो कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक पुरतो. प्रत्येक तेलाचे प्रमाण वेगळे. एरंडेल, करंज, मोह यांना खोबरेलाचे माप लावले तर कॉस्टिक शिल्लक राहतो आणि गिऱ्हाइकाची कातडी सोलून निघते. म्हणून जाणकार माणसे हिशेबापेक्षा चार-पाच टक्के कॉस्टिक कमीच घालतात.

कॉस्टिक नेहमी पाण्यात सोडावा, त्याच्यावर पाणी ओतू नये. अल्युमिनियमची पातेली वापरू नयेत, स्टीलची वापरावीत. हातमोजे, चष्मा हवाच. लहान मुले फिरतात त्या ओसरीवर हे काम करूच नये. थंड पद्धतीने केलेला साबण चार ते सहा आठवडे मुरावा लागतो. म्हणजे दिवाळीला माल हवा तर गणपती बसतात त्या सुमारास साचे भरले पाहिजेत. दसऱ्याला भरलेला साबण अभ्यंगस्नानाला ओलाच राहतो, लवकर विरघळतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

वेबसाइटचा सात-बारा कोणाच्या नावे?

आता वेबसाइटकडे वळू. वेबसाइट म्हणजे दुकान. त्याला पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात. '.इन' पत्ता मिळतो, आणि २०१४ पासून देवनागरीत '.भारत' हा पत्ताही मिळतो. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी घ्यायचे आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून पुढे चालू ठेवायचे. भरणा चुकला की दुकान बंद, आणि तोच पत्ता उद्या दुसरा कोणी घेऊ शकतो.

गटाची फसगत इथेच होते. वेबसाइट काढून देणारा एजंट डोमेन स्वतःच्या नावाने नोंदवतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. पुढच्या वर्षी तो सांगेल ती रक्कम मोजा, नाहीतर पत्ता सोडा. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. डोमेन हा वेबसाइटचा सात-बारा आहे. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असे झाले की काय होते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. म्हणून डोमेन गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावाने, ई-मेल गटाचा, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, आणि नूतनीकरणाची तारीख गटाच्या इतिवृत्तात, या चार अटी लेखी घातल्याशिवाय कोणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत. 'उद्यम' नोंदणीचेही असेच. २०२० पासून सुरू असलेली ही सरकारी नोंदणी पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कोणी शुल्क मागत असेल तर तो स्वतःची मजुरी मागतो आहे, सरकारचे शुल्क नव्हे.

दुकान काढले म्हणजे गिऱ्हाईक आलेच असेही नाही. बाजारपेठेतल्या दुकानासमोरून रस्ता जातो, वेबसाइटसमोरून जात नाही. पहिले गिऱ्हाईक प्रदर्शनात, जत्रेत, नात्यागोत्यातच मिळते. दुसऱ्या वेळी त्याने घरबसल्या मागवावे, यासाठी वेबसाइट कामाला येते. साबणाच्या वेष्टनावर वेबसाइटचा पत्ता छापला तरच हे चक्र फिरते.

पार्सलचा हिशेब

समजा, साबणाची वडी ६० रुपयांची. एकच वडी पाठवली तर टपालखर्च तिच्या किमतीच्या आसपास जातो. गिऱ्हाईक एकदा कौतुकाने घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. सहा वड्यांचा एक डबा केला तर तोच खर्च सहा जागी वाटला जातो. म्हणून वेबसाइटवर सुटी वडी न ठेवता संच ठेवावा: चार साबण, एक उटणे, एक शिकेकाई पूड. आगाऊ पैसे घ्यावेत. यूपीआयमुळे ते सोपे झाले आहे. 'माल पोचल्यावर पैसे' या पद्धतीत घर बंद मिळाले की पार्सल परत येते आणि जाण्यायेण्याचा खर्च गटाच्या गळ्यात पडतो.

डब्यावर काय छापायचे हेही ठरलेले आहे. वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना, किती दिवसांत वापरावे, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, घटक पदार्थ आणि तक्रारीसाठी फोन. यातील बहुतेक माहिती वेबसाइटवरही द्यावी लागते. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायला हवे. सुगीच्या दिवसांत गटातल्या साऱ्याजणी रानात असतात, तेव्हा फोन कोण उचलणार, हे आधीच ठरवावे.

बेळगावचे पार्सल आणि जीएसटी

जीएसटीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु ही मुभा राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला नाही. बेळगाव, पणजी किंवा इंदूरच्या मराठी घरातून उटण्याची मागणी आली आणि पार्सल पाठवले, की नोंदणी बंधनकारक होते, मग रक्कम शंभर रुपये का असेना. कंपोझिशन योजना घेतली तरी परराज्यात विक्री करता येत नाही. आणि एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते, उशीर झाला तर विलंब शुल्क.

दुसऱ्या बाजूने पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मोठ्या कंपन्यांच्या साबणाला त्याचा लाभ झाला. नोंदणी नसलेला गट मात्र कॉस्टिक, सुगंधी अर्क, वेष्टन घेताना त्यावरचा कर भरतोच, आणि तो त्याला परत मिळत नाही. तेव्हा 'आम्हाला जीएसटी नाही' म्हणजे 'आम्हाला कर लागत नाही' असे नव्हे. पहिली दोन वर्षे विक्री राज्यापुरती ठेवावी, वेबसाइटवर तसे स्पष्ट लिहावे, आणि परराज्यातून खरोखर मागणी येऊ लागली की नोंदणी करावी, हा मार्ग बरा.

एकट्या गटाने नव्हे, संघाने

मग दहा बायकांच्या गटाने हे सारे करायचे कसे? खरे सांगायचे तर एकट्याने करूच नये. वेगळी जागा, जाणकार माणूस, तपासणी, लेबल, वेबसाइट यांचा खर्च एका गटाला पेलणारा नाही. तोच खर्च वीस गट मिळून उचलतील. प्रभागसंघाने किंवा महिलांच्या उत्पादक कंपनीने एक परवानाधारक केंद्र उभारावे. कायद्यात 'लोन लायसन्स'ची सोयही आहे. परवानाधारकाच्या जागेत दुसऱ्याला स्वतःच्या नावाने माल करून घेता येतो, त्याचा परवाना वेगळा मिळतो. हळद कोणा गटाची, शेळीचे दूध कोणाचे, पण साचा, तपासणी आणि वेबसाइट एकच. नाव एक झाले की गिऱ्हाइकाच्याही लक्षात राहते.

गावपातळीवर करण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीच्या वापरात नसलेल्या खोल्या असतील तर त्या रीतसर भाडेकराराने द्याव्यात. परवान्याला जागेचा कागद लागतो, आणि नमुना ८ च्या उताऱ्यावर बाईचे नाव नसेल तर तिथेच गाडे अडते. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय शासनाने २००३ साली घेतला. तो आपल्या गावात किती घरांना लागू झाला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दप्तर काढून पाहावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून शिलाई यंत्रेच घ्यायची असा काही नियम नाही. परवान्याचे शुल्क, माल तपासणी, प्रशिक्षण यालाही ते वळवता येतील का, हे ग्रामसभेत विचारावे.

सरकारची जबाबदारी तर यापेक्षा मोठी आहे. एक खाते गटांना साबणाचे प्रशिक्षण देते, प्रदर्शनात गाळा देते, ऑनलाइन विक्रीचे धडे देते. दुसरे खाते त्याच साबणाचा परवाना विचारते. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर आहेत, मरण मात्र मधल्या बाईचे. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक वर्गात बोलावला तर निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा दिल्लीत सुटायचा आहे. लोणच्याला छोट्या उत्पादकाची साधी नोंदणी चालते, तर ठरावीक उलाढालीखालच्या साध्या साबणाला आणि उटण्याला तशी पायरी का नसावी? सुरक्षिततेच्या अटी ठेवाव्यात, कॉस्टिकच्या बाबतीत तर कडक ठेवाव्यात. पण कोट्यवधींच्या कारखान्याला आणि ग्रामसंघाच्या खोलीला एकच माप लावले, तर लहान माणूस एकतर धंदा सोडतो, नाहीतर चोरून करतो. दोन्हींत नुकसानच.

तोवर गटांनी क्रम तेवढा चुकवू नये. आधी जागा आणि जाणकार माणूस, मग परवाना, मग लेबल, मग पहिले शंभर गिऱ्हाईक हातोहात, आणि त्यानंतर वेबसाइट. वेबसाइट चार दिवसांत होते. विश्वास जमायला दोन दिवाळ्या लागतात.