पैसा कुणाचा?

बुधवार पेठेत आमच्या गटाची महिन्यातून एकदा बैठक असते. धंद्याची वेळ सुरू व्हायच्या आधी, दुपारी, एका जिन्यावरच्या खोलीत. विषय नेहमीचेच: रेशनकार्ड, रक्ततपासणी, मुलांच्या शाळेचे दाखले. एका बैठकीत बोलायला यायच्या होत्या त्या पाहुण्या आल्याच नाहीत, म्हणून वेळ भरून काढायला आम्ही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ लावला. कॉपी कुणीतरी कुणाकडून तरी आणलेली होती. हा तपशील मुद्दाम सांगते आहे, पुढे त्याचंच बोलायचं आहे.

‘दोघी’ आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. लग्नाच्या दिवशीच नवरामुलगा अपघातात जातो आणि गौरी अपशकुनी ठरते. घर खचतं, मामा तिला मुंबईला नेतो आणि ती धंद्याला लागते. तिच्या पैशावर घर चालतं, पण धाकटीच्या लग्नात ती स्वतः मात्र नको असते. खोलीतल्या दोघीतिघी रडल्या. भिंतीला टेकून बसलेल्या एक वयस्क मावशी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “ताई, हा पिक्चर काढला कुणी? बाईनं? मग पैसा कुणाचा?”

मी म्हटलं, “सरकारचा.” ते खरंच होतं. 1995 सालच्या या चित्रपटाचे निर्माते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन. मावशी हसल्या. “सरकारनं एकदा दिला. मग पुढं?”

पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे त्या खोलीतल्या बायकांइतकं दुसऱ्या कुणाला कळत नसेल. आम्ही ‘दोघी’वर चर्चा घेतल्या, टिपणं काढली, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता.

सुमित्राबाई सिनेमाच्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. जन्म पुण्याचा, 1943 चा. समाजशास्त्र शिकल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. पुढे ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात वस्तीतल्या बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करताना त्यांना एक अडचण दिसली. अहवाल लिहिला तर तो वाचणार कोण? ज्यांच्याविषयी लिहिला त्या तर नक्कीच नाहीत. म्हणून 1985 साली ‘बाई’ हा लघुपट आला. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 1987 साली ‘पाणी’. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेले सुकथनकर सोबत होते, आणि ही जोडी पुढे तीन दशकांहून अधिक टिकली. म्हणजे हा सिनेमा आपल्याच कामातून निघाला: सर्वेक्षणातून आणि वस्तीच्या ओट्यावरच्या गप्पांतून. आपण त्याला ‘साधन’ म्हणतो, आणि माझ्या मते गल्लत तिथेच होते. साधन म्हटलं की ते फुकट मिळावं असं आपल्याला वाटू लागतं.

मावशींच्या “मग पुढं?”चं उत्तर त्यांच्या चित्रपटांच्या यादीतच आहे. ‘देवराई’ (2004) स्किझोफ्रेनियावर. ‘नितळ’ (2006) कोडावर, आणि त्यामागे पुढाकार होता कोड असलेल्यांसाठी काम करणाऱ्या डॉ. माया तुळपुळे यांचा. स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’मागे (2013) आणि नैराश्यावरच्या ‘कासव’मागे (2016) डॉ. मोहन आगाशे उभे राहिले. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. म्हणजे मानसिक आरोग्याच्या आणि त्वचारोगाच्या क्षेत्रातल्या माणसांनी ओळखलं की हा चित्रपट आपल्याला हवा आहे, तर त्याची सोयही आपण बघायला हवी. स्त्रियांच्या चळवळीने एक तरी असा चित्रपट उभा केला का? मला तरी आठवत नाही.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठला पैसा? खरं आहे. पण निर्मिती म्हणजे केवळ चित्रीकरणाचा खर्च नव्हे. तयार झालेली फिल्म लोकांपर्यंत पोचवणं हा खर्चाचा अर्धा भाग असतो आणि स्वतंत्र निर्माता तिथेच मार खातो. ‘अस्तु’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी तो चित्रपटगृहात लागायला 2016 उजाडलं.

आमच्या त्या खोलीपासून अप्पा बळवंत चौक चालत दहा मिनिटांवर. तिथे 1934 सालचं प्रभात टॉकीज आहे, आता त्याचं नाव किबे लक्ष्मी. प्रभातकडे स्वतःचा स्टुडिओ होता आणि नावाचं थिएटरही होतं. त्याच प्रभातने 1939 साली ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्येची गोष्ट सांगितली, आणि ती गोष्ट दाखवायला त्यांना कुणाच्या दाराशी उभं राहावं लागलं नाही. स्वतंत्र बाईकडे यातलं काहीच नसतं. सुमित्राबाई कथा-संवाद लिहीत, वेशभूषा बघत, कलादिग्दर्शन करत. हौस असेलच, पण बजेटही तेवढंच असतं हो! ‘बाई सगळं स्वतःच करते’ याचं कौतुक ऐकलं की मला घरातल्या सुनेचं कौतुक आठवतं.

त्यांचे सगळेच चित्रपट मला पटतात असं नाही. कधी कधी त्यांतली माणसं फार लवकर शहाणी होतात, समजून घेतात. इतकी समजूतदार माणसं आम्हाला पोलीस चौकीत कधी भेटली नाहीत. हे त्यांना समोर बसून विचारायचं राहून गेलं. 19 एप्रिल 2021 ला त्या गेल्या. एकटीने दिग्दर्शित केलेला ‘दिठी’ पुढच्याच महिन्यात ओटीटीवर आला.

त्या बैठकीनंतर मी आमच्या गटाची जुनी जमाखर्चाची वही काढून बसले. चहा-बिस्किटं, बॅनर, रिक्षा, झेरॉक्स. प्रोजेक्टरचं भाडं दर वेळी नोंदलेलं, कारण प्रोजेक्टरवाला पैसे घेतल्याशिवाय प्रोजेक्टर देत नाही. पडद्यावर जे दाखवलं त्याच्यापुढे एक रुपयाही नाही. पाहुण्यांना आपण मानधनाचं पाकीट देतो, निदान प्रवासखर्च तरी देतो. दीड तासाच्या चित्रपटाला, जो पाहुण्यांपेक्षा जास्त बोलतो, काहीच नाही. ज्यांच्या चित्रपटांवर आम्ही शिबिरं काढली त्यांत पुण्याबाहेरच्या, नाव नसलेल्या, कॅमेरा भाड्याने घेऊन काम करणाऱ्या तरुण मुलीही आहेत. त्यांची लिंक मागताना आम्ही ‘चळवळीसाठी आहे’ एवढंच म्हणतो, आणि त्या बिचाऱ्या देतात.

मार्चच्या अंदाजपत्रकात मी ‘चित्रपट’ असं एक खातं घातलं आहे. आमच्या खजिनदार ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “आकडा?” तो अजून रिकामा आहे. एका प्रदर्शनाला किती द्यावेत, बायकांकडून वर्गणी काढावी का, दोन-तीन गटांनी मिळून हक्क विकत घ्यावेत का, यावर आमच्यात वाद चालू आहे. मावशींचं मत विचारलं, तर त्या म्हणाल्या, दहा रुपये तिकीट लावा, फुकट पिक्चरला बायका निम्म्यातून उठून जातात. ज्या गटांनी असं काही करून पाहिलं असेल, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं, आकड्यांसकट.