रोमन स्नान आणि सारवणाची माती

दिवाळीत बहिणीकडे खेरडीला गेलो होतो. भावोजींनी हौसेनं जवळच्या रिसॉर्टात ‘रोमन स्नाना’ला नेलं. आधी कोमट पाणी, मग कढत, शेवटी गार. वर मातीचा लेप. माती सुकली तशी कातडी ताणली, हसलो तर गालाला भेगा. बिल पाहिल्यावर हसूही आलं नाही. परतताना एक वारली बाई माती-शेण कालवून भिंत सारवताना दिसली.

माती आणि गरम पाण्यासाठी रोम कशाला? उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६चा. तिथेही मातीची पट्टी पोटावर ठेवतात, संगमरवरी खांबांशिवाय. आणि वज्रेश्वरीजवळ अकलोलीला तानसा नदीकाठी गंधकाचं गरम पाणी आपसूक कुंडांत वर येतं. सरकारनं पर्यटनाचा पैसा आधी तिथे लावावा: कुंडांची नियमित सफाई आणि बायकांना कपडे बदलायला पक्का आडोसा.