कपाटाची किल्ली

सध्या उशाशी कोणतं पुस्तक आहे?

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. ती पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडते! मी रागावले, "अगं, मग मजा काय उरली?" तर म्हणते कशी, "बाई, वाचत नाही, पान आहे का ते बघते."

खरंच की! आमच्या कपाटातल्या भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची शेवटची चार पानंच गायब. फुरसुंगीचा बन्या चोरांच्या मागं सायकल दामटतोय आणि पुढे नुसता शिलाईचा दोरा! तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं म्हणे.

खरं सांगू? पुस्तकं फाटतात म्हणून मीच कपाटाला कुलूप घातलं होतं. फक्त शनिवारी अर्धा तास उघडायचं. त्या अर्ध्या तासात अशी ओढाओढ व्हायची, की पानं आणखीच फाटायची! शेवटी दिवाळीनंतर किल्ली तिच्याच हाती दिली. आता 'तोत्तोचान'साठी नंबर लागतात. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा म्हटल्यावर काय! एकजण शेळ्या राखताना वाचतो. एकीला धाकट्या भावाला झोका देताना मोठ्यानं वाचायची सवय. भाऊ केव्हाच झोपतो, झोका काही थांबत नाही.

दोन पुस्तकं हरवलीत. तपासणीला साहेब आले की काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आणि हो, 'फास्टर फेणे'ला तिनं वहीची चार पानं शिवली आहेत. त्यांत चोर सापडलाय, आमच्याच गावच्या ओढ्यात!