ध्रुवपदापाशी थांबलेले कान

रॉक गाण्याचा अर्थ लावायला बसलं की आपण त्याचे शब्द कागदावर उतरवतो आणि कविता वाचावी तसे वाचतो. भावगीतांनी लावलेली ही सवय. भावगीतापुरती ती योग्यही आहे, कारण तिथं बहुधा कविता आधी आणि चाल मागून येते. रॉकमध्ये अनेकदा याच्या उलट घडतं. पॉल मॅकार्टनीला ‘यस्टरडे’ची चाल आधी सुचली आणि खरे शब्द सापडेपर्यंत तो त्या चालीवर अंड्याच्या भुर्जीबद्दलचे कामचलाऊ शब्द गात होता. म्हणून माझं म्हणणं असं, की रॉक गाण्याचा अर्थ शब्द आणि आवाज यांच्या नात्यात शोधायला हवा. आणि ते नातं भांडणाचं असेल, तर ते भांडण हाच त्या गाण्याचा अर्थ असतो.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ सालचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हा याचा सर्वांत बोलका पुरावा. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. जॉर्ज विल या रिपब्लिकनांकडे झुकलेल्या स्तंभलेखकानं स्प्रिंगस्टीनची मैफल ऐकून लिहिलं, की गाण्यांत बंद कारखाने येत असले तरी या गाण्याचं ध्रुवपद देशाबद्दलचा उल्हास गर्जून सांगतं. काही दिवसांतच न्यू जर्सीतल्या हॅमन्टनच्या सभेत अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला. त्यानंतर आठवड्याच्या आतच पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीननं, अध्यक्षांना आपला नेमका कोणता अल्बम आवडत असेल, असा प्रश्न केला आणि कारखाना बंद पडल्यावर गुन्ह्याकडे वळलेल्या कामगाराचं ‘जॉनी ९९’ गायला. तेव्हापासून एक ठरलेला निकाल दिला जातो: हे निषेधाचं गाणं आहे, ज्यांना त्यात देशाभिमान दिसला त्यांनी कडवी ऐकलीच नाहीत.

हा निकाल मला अर्धाच पटतो. कडव्यांत काय आहे ते स्पष्टच आहे. गावात किरकोळ भानगडीत सापडलेल्या तरुणाच्या हाती बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला धाडतात. परत आल्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मिळत नाही, माजी सैनिकांच्या कार्यालयातूनही रिकाम्या हातानं परतावं लागतं. भाऊ व्हिएतनाममधल्या खे सानला लढायला गेला, तो आलाच नाही. पण आता गाण्याची बांधणी ऐका. सगळं गाणं दोनच कॉर्डवर उभं आहे. रॉय बिटनच्या सिंथेसायझरची तीच विजयी सुरावट आणि मॅक्स वाइनबर्गचे तेच दणदणीत ड्रम भावाच्या मरणाखालीही वाजतात. दुसऱ्यांदा ध्रुवपद होऊन गेलं, की नाकारलेली नोकरी, भाऊ आणि तुरुंगाची सावली अशी तीन कडवी ओळीनं येतात आणि त्यांच्यामध्ये ध्रुवपद येतच नाही. ते परततं तेव्हा शब्द तेच असतात, पण आता ती सगळं हिरावलं गेलेल्या माणसाची हक्काची आरोळी असते: मीही इथलाच. त्या आरोळीत अभिमान नाही असं म्हणणं म्हणजे कानांवर अविश्वास दाखवणं.

यावर कुणी म्हणेल, की गीतकारानं स्वतः सांगितल्यावर आणखी काय हवं? गीतकाराची साक्ष मोलाची खरीच, पण ती गाण्याच्या बाहेरून दिलेली असते, आणि श्रोत्यापर्यंत पोचतं ते गाणं. मग ज्याला जो वाटेल तो अर्थ खरा मानायचा का? तसंही नाही. रेगन यांच्या सभेतली आशा या कडव्यांपुढे टिकत नाही, कारण त्यांत कुठलंच दार उघडत नाही. अर्थ एकाहून अधिक असू शकतात. पण ज्या अर्थासाठी निम्मं गाणं गाळावं लागतं तो अर्थ टाकून द्यावा, मग तो अध्यक्षांचा असो की समीक्षकांचा.

गंमत म्हणजे हे तपासून पाहायची सोय स्प्रिंगस्टीननंच ठेवली आहे. १९८२ च्या सुरुवातीला त्यानं हे गाणं घरी, कॅसेटवर, एकट्यानं गिटारवर ध्वनिमुद्रित केलं होतं. ते १९९८ मध्ये ‘ट्रॅक्स’ या संचात आलं. त्यात ड्रम नाहीत, सिंथेसायझर नाही, गैरसमजाला जागाच नाही. नव्वदच्या दशकातल्या एकट्याच्या दौऱ्यातही तो ते असंच उघडंबोडकं करून गात असे. तिथं एका माणसाचं दुःख नेमकं कळतं, पण त्या दुःखातून उसळून देशावर हक्क सांगणारा आवाज नाहीसा होतो. गैरसमजाचा धोका पत्करून केलेलं बँडसह गाणंच मला दोन्हींतलं मोठं वाटतं.